‘तू’ म्हणण्याचे शिक्षण : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील संबोधनाचा विचार

१८७८ साली पंडिता रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री कलकत्त्यास पोचल्यानंतर तेथील ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचे निमंत्रण त्यांना आले. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या दिवसाची हकीगत सांगितली आहे. ब्राह्मणकुळात जन्मलेले काही लोक इंग्रजांबरोबर बसून खात आहेत, हे पाहून कलियुगाचा अंमल पुरता बसला अशी या भावंडांची खात्री झाली. त्यानंतर वाचन आणि गायन झाले आणि जमलेली मंडळी आपापल्या खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही बोलू लागली. समोर मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच वंदन करीत असावेत, असे रमाबाईंना वाटले.

प्रसंग विनोदी आहे. पण त्यातील गैरसमजाला शास्त्रशुद्ध आधार आहे. रमाबाई संस्कृत पंडिता होत्या. वंदन हे कोणाच्या तरी सन्मुख होऊन करायचे असते, ही त्यांची धारणा पूर्णपणे बरोबर होती. त्यांना दिसत नव्हते ते एवढेच, की हे लोक कोणासमोर आहेत. भाषेच्या परिभाषेत बोलायचे तर वाक्यात संबोधन होते, परंतु संबोधित दिसत नव्हता. पुढे पाच वर्षांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांच्या मधली वाट धर्मांतराच्या इतिहासात मतांच्या अंगाने अनेकदा तपासली गेली आहे. ती प्रार्थनेच्या अंगानेही तपासण्याजोगी आहे. ख्रिस्ती होणे म्हणजे काही सिद्धान्त मान्य करणे, हे खरे. परंतु त्याबरोबरच एका विशिष्ट रीतीने बोलायला शिकणे हेही त्यात येते. आणि बोलणे म्हटले, की कोणत्या भाषेत, कोणत्या सर्वनामाने, कोणत्या नात्याने, हे प्रश्न टाळता येत नाहीत. मराठीत हे प्रश्न कसे उभे राहिले आणि मराठीने त्यांची कोणती उत्तरे काढली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रार्थना शिकावी लागते, हा विचार ख्रिस्ती परंपरेत आरंभापासून आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू प्रार्थना आटोपतो तेव्हा एक शिष्य त्याला विनंती करतो, की योहानाने जसे आपल्या शिष्यांना शिकविले तसे आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा. हे शिष्य यहुदी होते. स्तोत्रे आणि आशीर्वचने त्यांच्या जिभेवर लहानपणापासून होती. तरीही ते शिकवा म्हणतात, याचा अर्थ त्यांना शब्दांची उणीव भासत नव्हती. एका गुरूच्या मंडळीची म्हणून असलेली रीत त्यांना हवी होती. गुरुमंत्राच्या कल्पनेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही मागणी परकी वाटू नये. उत्तरादाखल आलेली प्रार्थना लूककडे आखूड आहे आणि मत्तयच्या सहाव्या अध्यायात विस्तृत आहे. लूककडे संबोधन नुसते ‘पिता’ एवढेच. मत्तयकडे त्याला ‘आमचा’ आणि ‘स्वर्गातील’ ही दोन विशेषणे जोडलेली आहेत.

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असा नियम सापडतो. इसवी सन २००च्या सुमारास तेर्तुलियनाने आणि त्यानंतर काही दशकांनी ऑरिगेनने प्रार्थनेवर स्वतंत्र प्रबंध लिहिले. चौथ्या-पाचव्या शतकांत तर बाप्तिस्म्याच्या उमेदवाराला ही प्रार्थना बाप्तिस्म्याच्या थोडेच दिवस आधी, विधिपूर्वक ‘सोपविली’ जाई. मग त्याने ती पाठ करून म्हणून दाखवायची. ज्याला ‘पिता’ म्हणायचे त्याचे पुत्रत्व मिळण्यापूर्वी तो शब्द उच्चारणे अनुचित, असा त्यामागचा विचार होता. संबोधनाचा अधिकार नात्यातून येतो, हे सूत्र येथे स्पष्ट आहे. मराठीत अडचण आली ती नेमकी याच ठिकाणी.

मराठी-कोकणी प्रदेशात हे शिक्षण पहिल्यांदा संघटितपणे दिले गेले ते गोव्यात. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेला येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने ख्रिस्ती धर्मतत्त्वांची गुरुशिष्यसंवादरूप पोथी कोकणीत तयार केली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, रायतूर येथे छापली गेली. प्रश्न गुरूने विचारायचा, उत्तर शिष्याने द्यायचे आणि प्रार्थना पाठ करायच्या, अशी ही पद्धत होती. स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी जी भूमिका येते ती या संदर्भात वाचनीय आहे. साष्टीतल्या एका देवळात रविवारी दुपारी मुलांना ‘दोत्रिना’ शिकविली जात असता एक श्रोता पुढे होऊन सांगतो, की ही शिकवण चांगलीच आहे, पण तिच्या जोडीला आमच्या भाषेत एखादे पुराण असते तर लोकांची तहान भागली असती. जुनी पुराणे हिरावून घेतल्यानंतरची ही मागणी आहे. तिच्यातील सौम्य स्वरामागे काय गमावले गेले याची जाणीव आहे, हे विसरता येत नाही. १६१६ साली प्रथम छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या मागणीचे उत्तर म्हणून कवीने पुढे केले आहे.

येथे एक विभागणी दिसते. पाठांतराची प्रार्थना कोकणीत, कथन-श्रवणाचे पुराण मराठीत. कोकणी प्रार्थनेत देवाला घातलेली हाक ‘बापा’ अशी राहिली, आणि ती घरातलीच हाक होती. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने देशभाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी कोकणी प्रार्थना घरोघर टिकली. वसईची कथा वेगळी आहे. १५३४ ते १७३९ हा पोर्तुगीज अंमलाचा काळ संपल्यावरही तेथील कॅथलिक समाजाची उपासना लॅटिनमध्येच होत राहिली. घरात सामवेदी किंवा अन्य बोली, शाळेत मराठी आणि वेदीपुढे लॅटिन असा हा भाषाव्यवहार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) चालला. तेव्हा वसईच्या कॅथलिकांनी मराठीत प्रार्थना करण्यास आरंभ केला तो प्रॉटेस्टंटांच्या सुमारे दीडशे वर्षे नंतर, आणि तोही घडीव प्रमाण मराठीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामागे या उशिरा सुरू झालेल्या भाषिक परिश्रमांची पार्श्वभूमी आहे.

मराठी प्रार्थनेची खरी घडण मात्र एकोणिसाव्या शतकात, प्रॉटेस्टंट मिशनांच्या आश्रयाने झाली. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ साली मुंबईत सुरू झाले. पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. या मंडळींच्या उपासनेत छापील प्रार्थनांपेक्षा उत्स्फूर्त प्रार्थनेवर भर होता. स्कॉटिश मिशनचेही तेच. अँग्लिकन मंडळींत याच्या उलट, इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या मराठी भाषांतरानुसार ठरलेली वचने ठरलेल्या क्रमाने म्हटली जात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की छापील शब्द ओठांवर राहतात, अंतःकरणात उतरत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे असे, की स्वतःच्या शब्दांवर सोडलेला माणूस आपल्या गरजांपलीकडे पाहत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. फक्त एक गोष्ट नोंदवायला हवी. उत्स्फूर्त म्हटली जाणारी प्रार्थनाही दोन पिढ्यांत साचेबंद झाली. ‘हे दयाळू प्रभू’ने आरंभ, ‘येशूच्या नावाने’ शेवट आणि मध्ये ठराविक विशेषणांची माळ, हे तिचे रूप कोणत्याही मराठी मंडळीत ऐकू येते. शिकाऊ माणूस उत्स्फूर्तताही ऐकूनच शिकतो, त्यामुळे याला दोष म्हणण्याचे कारण नाही.

‘प्रार्थना’ हा शब्दच या काळात नव्याने घडत होता. संस्कृतातील ‘प्र’ आणि ‘अर्थ्’ यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मागणे, विनविणे. पूजा, जप, स्तोत्रपाठ, भजन या रूढ प्रकारांहून वेगळी, सामुदायिक, गद्य आणि तत्क्षणी रचलेली अशी उपासना, हा अर्थ त्याला मिशनच्या संपर्काने येऊन चिकटला. तो ख्रिस्ती वर्तुळापुरता राहिला नाही. १८४९च्या सुमारास मुंबईत गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेत दादोबा पांडुरंगांनी रचलेल्या मराठी प्रार्थना म्हटल्या जात. या सभेशी संबंध असलेले बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. १८६७ साली दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने जी संस्था निघाली तिने तर हा शब्द आपल्या नावातच घेतला. प्रार्थना समाजाने उपासनेसाठी तुकारामाच्या अभंगांकडे धाव घेतली. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला तिकडे वळायला आणखी तीसेक वर्षे लागली.

आता प्रार्थनेच्या व्याकरणाकडे वळता येईल. ग्रीक किंवा इंग्रजीमध्ये नसलेला एक भेद मराठीत आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आपण वापरतो : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. देवाला उद्देशून बोलताना ‘आमचा पिता’ असेच म्हणावे लागते. ‘आपला पिता’ म्हटले तर बोलणारा देवालाही त्या लेकरांच्या रांगेत बसवील. भाषांतरकाराला हा निर्णय मूळ ग्रंथ देत नाही, मराठीच देते. मंडळीत प्रार्थना चालविणारा आधी म्हणतो, ‘आपण प्रार्थना करू या.’ लगेच पुढचे वाक्य असते, ‘हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो.’ ‘आपण’वरून ‘आम्ही’वर येताना वक्त्याचे तोंड मंडळीकडून देवाकडे वळलेले असते. त्याला हालचाल करावी लागत नाही, सर्वनाम वळते. ख्रिस्ती घरातील चार वर्षांचे मूल हा बदल न शिकविता शिकते. कलकत्त्याच्या त्या दालनात रमाबाईंना जे दिसले नाही ते मराठीत असे व्याकरणात दिसते.

द्वितीयपुरुषाचा प्रश्न याहून बिकट होता. देवाला ‘तू’ म्हणावे यात मराठी माणसाला काहीच नवे नव्हते. ज्ञानदेव-नामदेवांपासून सर्व संत तसेच म्हणत आले. मिशनऱ्यांच्या इंग्रजी प्रार्थनेतही एकवचनी जुने सर्वनाम होते. पण दोहोंचा भाव निराळा. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत ते सर्वनाम रोजच्या बोलण्यातून जवळजवळ बाहेर गेले होते, त्यामुळे ते ग्रांथिक, भारदस्त आणि आदरवाचक बनले होते. मराठीतले ‘तू’ मात्र जिवंत, रोजच्या तोंडचे आणि सलगीचे. मिशनऱ्याला ज्या शब्दात सिंहासनापुढचा दबदबा ऐकू येई, त्याच शब्दात त्याच्या मराठी शिष्याला माजघरातली जवळीक ऐकू येई. दोघे एकच प्रार्थना म्हणत आणि वेगवेगळ्या ठिकाणी उभे असत.

त्यात ‘पिता’ हा शब्द आला. त्या काळच्या पांढरपेशा मराठी घरात बापाला ‘तू’ म्हणण्याची सोय नव्हती. त्याला ‘तुम्ही’ किंवा ‘अहो’. नावही बाबा, अण्णा, नाना, तात्या यांपैकी. ‘तू’ ही आईची मिरास. ‘पित्या’ हे संबोधनरूप तर कोणत्याच घरात कोणी हाक म्हणून वापरत नव्हते. ते व्याकरणाने सिद्ध केलेले, उपासनेपुरते रूप आहे. शेतकरी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कुटुंबांत बापालाही एकेरी हाक मारण्याची रीत अनेक ठिकाणी होती, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्या महार आणि मांग समाजातून आलेल्यांची होती. म्हणजे ‘पिता’ आणि ‘तू’ यांतील ताण सर्वांना सारखा जाणवला असेल असे नाही. तो सर्वांत तीव्र होता तो ब्राह्मणकुळातून आलेल्या थोड्या लोकांना. आणि गीते, प्रार्थना व भाषांतरे लिहिण्यात यांचाच वाटा मोठा होता.

पितृसंबोधनाच्या मूळ अर्थाविषयी पाश्चात्त्य अभ्यासकांतही वाद झाला आहे. येशूच्या तोंडचा अरामी शब्द ‘अब्बा’ मार्कच्या चौदाव्या अध्यायात आणि पौलाच्या दोन पत्रांत राखला गेला आहे. योआखिम येरेमियास या जर्मन पंडिताने त्यात लहान मुलाच्या भाषेतली जवळीक पाहिली आणि हे मत विसाव्या शतकात फार लोकप्रिय झाले. १९८८ साली जेम्स बार यांनी दाखवून दिले, की प्रौढ माणसेही हा शब्द सर्रास वापरीत. तो बोबडा शब्द नव्हे. बार यांचे म्हणणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य आहे. तरी मराठी प्रार्थनेचा इतिहास पाहता एवढे म्हणता येते, की येरेमियास ज्या जवळिकीचा शोध अरामी शब्दात घेत होते ती मराठीने निराळ्याच मार्गाने मिळविली.

त्या मार्गाकडे वळण्यापूर्वी प्रभूच्या प्रार्थनेतील दोन मागण्यांचा निर्देश आवश्यक आहे, कारण शिकणाऱ्याच्या जगाशी त्या सरळ जाऊन भिडल्या. पहिली मागणी रोजच्या अन्नाची. ग्रीक मुळातील विशेषण इतके दुर्मीळ आहे, की त्याचा अर्थ ‘आजची’, ‘उद्याची’ की ‘गरजेपुरती’ याविषयी ऑरिगेनच्या काळापासून मतभेद आहेत. मराठीत नामापाशी वाद उरला नाही : रूढ शब्द ‘भाकर’. गव्हाची पोळी नव्हे, तांदळाचा भात नव्हे; ज्वारी-बाजरीच्या मुलखाचे नित्याचे अन्न. १८७६-७७ आणि १८९६ ते १९०० या वर्षांतील दुष्काळांत ही ओळ म्हणणाऱ्यांना तिचा लाक्षणिक अर्थ शोधण्याची गरज पडली नसावी. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांवर पोटासाठी धर्म सोडल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही, की ज्या धर्मात हे लोक आले त्याच्या मूळ प्रार्थनेतच भाकरीची मागणी पापक्षमेच्या आधी येते.

दुसरी मागणी ऋणमुक्तीची. मत्तयकडे शब्द ‘ऋण’ या अर्थाचा, लूककडे ‘पाप’ या अर्थाचा. मराठी भाषांतराने मत्तयचे ऋण तसेच ठेवले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले; शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. त्या मुलखात ‘ऋण’ हा शब्द तिजोरीतल्या कागदाकडे बोट दाखवीत असे. दुसरीकडे संस्कृत शिक्षण झालेल्या माणसाला त्यात देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ऐकू येई. ही ऋणे फेडायची असतात. ती माफ होत नाहीत. येथे तर प्रत्यक्ष पित्यालाच ऋण सोडण्याची विनंती आहे. पितृऋणाच्या कल्पनेला इतका पूर्ण छेद देणारे वाक्य मराठीत दुसरे क्वचितच असेल, आणि ते बालवर्गात पाठ करून घेतले जात होते.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे या सर्व प्रश्नांना भिडलेले पहिले मोठे कवी. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीगत प्रसिद्ध आहे. त्यांच्या मनाची पकड घेतली ती मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाने. प्रभूची प्रार्थना याच प्रवचनाच्या मध्यभागी येते, आणि तिच्या अगोदरच्या ओळींत प्रार्थनेविषयी दोन सूचना आहेत : ती खोलीत, दार लावून करावी, आणि शब्दांची निरर्थक पुनरावृत्ती करू नये. ही दुसरी सूचना मिशनऱ्यांनी नामजपावरील टीकेसाठी वारंवार हाताशी धरली. टिळकांनी ती तशी वापरण्याऐवजी नामस्मरणाची परंपराच ख्रिस्तनामाकडे वळविली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर काही वर्षे ते मिशनच्या इंग्रजी वळणाच्या चालींतील गीतांशी जुळवून घेत होते. त्यांची प्रार्थना मोकळी झाली ती अभंग, ओवी आणि पद हाती आल्यावर. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वपरिचित आहेत. त्यांचा अर्थ बहुधा मतांच्या साम्यापुरता घेतला जातो. तुकारामाने टिळकांना दिली ती प्रामुख्याने बोलण्याची तऱ्हा : भांडण्याची, रुसण्याची, मागून मिळाले नाही म्हणून दारात बसून राहण्याची. लूकच्या अकराव्या अध्यायात प्रभूच्या प्रार्थनेला लागूनच मध्यरात्री भाकरीसाठी शेजाऱ्याचे दार ठोठावणाऱ्या निलाजऱ्या मित्राचा दाखला आहे. मिशनच्या नेमस्त प्रार्थनेत त्या मित्राला जागा नव्हती. अभंगात होती.

सर्वांत महत्त्वाचा बदल संबोधनाचा. टिळक ख्रिस्ताला ‘गुरुमाउली’ म्हणतात, आई म्हणून हाक मारतात. वारकऱ्यांची ‘विठाई माउली’ हा त्याचा उघड उगम आहे. परंतु याला केवळ परंपरेचे अनुकरण म्हणणे अपुरे ठरेल. ज्या घरांत ‘तू’ हे आईचे सर्वनाम होते त्या घरांतून आलेल्या माणसाला ‘तू’ म्हणून प्रार्थना करायला शिकायचे, तर ती आईलाच करावी लागणार. ‘पित्या’ या घडविलेल्या संबोधनात जे अवघडलेपण होते ते ‘माउली’ने दूर केले. टिळकांनी पिता हा शब्द सोडला असे मात्र नाही. पित्याशी बोलण्याची सवय त्यांनी आईशी बोलून केली, असे म्हणता येईल. ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदाखाली त्यांना ठेवणाऱ्या टीकेने ही गोष्ट सहसा विचारात घेतली नाही. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात, आणि प्रार्थना येत नाही असे सांगणारा माणूस ती गीते म्हणू शकतो.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग पतीच्या मार्गाहून निराळा होता. ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभीच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे, घरात येणारा प्रत्येक जिन्नस, मीठसुद्धा, धुऊन घेतला जाई. अशा घरात देवापुढे उभे राहण्याची पूर्वतयारी शरीराची असते : स्नान, सोवळे, स्पर्श टाळणे. ख्रिस्ती प्रार्थनेला यातले काहीच लागत नाही. स्वयंपाक करता करता, उष्ट्या हाताने, कोणाच्याही शेजारी बसून ती करता येते. म्हणून त्यांना नवी वाक्ये शिकण्याआधी जुने सोवळे विसरावे लागले. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडले. दरम्यान त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या आणि एकत्र आल्यावरही त्यांचा स्वयंपाक वेगळा होता. त्यांना वळविले ते सिद्धान्ताच्या चर्चेने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मनात लागले तेव्हा बाकीचे आपोआप सुटत गेले. प्रार्थनेच्या शिक्षणात पाणी, चूल आणि पंगत यांचा वाटा किती मोठा आहे हे समजून घ्यायचे असेल, तर ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ कोणत्याही धर्मशास्त्रीय प्रबंधापेक्षा अधिक सांगतो.

रमाबाईंनी वाँटेजच्या मठात प्रार्थना शिकली ती अँग्लिकन पद्धतीची : ठरलेल्या घटका, ठरलेली वचने. त्या वर्षांविषयी पुढे त्यांनी लिहिले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९६च्या दुष्काळानंतर केडगावी उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात मध्य प्रांतापासून गुजरातपर्यंतच्या, बव्हंशी निरक्षर, उपासमारीतून वाचलेल्या मुली आणि विधवा एकत्र आल्या होत्या. १९०५च्या आरंभी रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी हाक दिली. आरंभी सुमारे ७० जणी जमल्या, काही महिन्यांत ही संख्या पाचशेवर गेली. जून १९०५मध्ये तेथे जे घडले त्याची वार्ता परदेशी पोचली. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येकजण आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत. शिस्तीच्या उपासनेला सरावलेल्या पाहुण्यांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो थांबविला नाही. छापील वचनांच्या शाळेत शिकलेल्या आणि संस्कृत काव्यशास्त्र जाणणाऱ्या या विदुषीने अक्षरशत्रू मुलींच्या बोलण्यात हस्तक्षेप करू नये, ही साधी गोष्ट नव्हे. याच सुमारास हाती घेतलेल्या बायबलच्या भाषांतरात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हेतुपूर्वक स्वीकारली. ते भाषांतर १९२२ साली त्यांच्या मृत्यूपूर्वी पुरे झाले आणि १९२४ साली प्रसिद्ध झाले.

मुक्तिसदनातील त्या प्रार्थनांचे वृत्तांत मुख्यतः इंग्रजीत लिहिले गेले : सदनाच्या ‘मुक्ति प्रेअर बेल’ या पत्रिकेत आणि पाहुण्या मिशनऱ्यांच्या पत्रांत. मुली किती होत्या, किती तास बसल्या, कोणी रडले, कोणी हसले, हे त्यांत येते. देवाला त्या काय म्हणाल्या याचा आशयही येतो. परंतु इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ एकच, ‘बापा’, ‘पित्या’ आणि ‘बाबा’ एकच, आणि ‘तू’चे ते एकच जुने, भारदस्त सर्वनाम.